अजून आंबटपणा आहे

लुमिंगच्या डोक्याचा भुगा केला तो एका शब्दाने. शब्द तसा फुटकळ: अजून.

रोज दुपारी बाराची घंटा झाली की माएस्त्रो तेम्योंग तिच्या खाणावळीत यायचे. दाराजवळच्या बाकावर बसायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, समोर आलेल्या सिनिगांगचा, चिंचेच्या आंबट रश्शाचा, पहिला चमचा तोंडात घ्यायचे आणि म्हणायचे, "हं. अजून आंबटपणा आहे." मग रस्सा भातावर ओतून, मान खाली घालून, चकार शब्द न काढता जेवायचे. दोन वर्षं हाच शिरस्ता.

आता, आमच्या लागुना भागात हे वाक्य दोन जागी चालतं. एक सिनिगांगच्या पातेल्यापाशी, कारण आंबटपणा गेला की ते सिनिगांग उरतच नाही, नुसतं उकडलेलं मटण होतं. आणि दुसरीकडे, वय झालं तरी जिच्याकडे मान वळते अशा बाईबद्दल. बुवाबद्दलही, पण बुवांच्या नशिबी ते कमी येतं. साठी उलटलेली बाई ओठ रंगवून मिस्साला निघाली की नाक्यावरचे ट्रायसिकलवाले हमखास म्हणणार, "अजून आंबटपणा आहे हं!" बाई वरवर फणकारते, पण कोपऱ्यापर्यंत तिची चाल बदललेली असते. दोन्हीकडे वाक्य तेच. आंबटपणा कशात आहे हे बोलणारा सांगत नाही, आणि विचारायची रीत नाही. विचारलं तर हसं कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही.

पहिलं दीड वर्ष लुमिंगने ते वाक्य बिनबोभाट पातेल्याला देऊन टाकलं होतं. घोळ घातला तो ओन्यांगने. ओन्यांग ही तिची नणंद. लुमिंगला 'आते', म्हणजे ताई, म्हणायची, सकाळी भाज्या चिरायला यायची आणि भाज्यांबरोबर गावालाही चिरायची.

"आते," ओन्यांगने मुळा सोलता सोलता एक दिवस विचारलं, "रस्सा रोज ताजा असतो ना गं आपला?"

"मग काय शिळं वाढते मी लोकांना?"

"तसं नाही. पण मग माएस्त्रो 'अजून' का म्हणतात? सकाळी सहाला केलेला रस्सा बाराला आंबट असणारच. त्यात 'अजून' कुठून आलं? 'अजून' हे जुन्या वस्तूला म्हणतात."

"जुनी वस्तू कोण गं?"

ओन्यांगने मुळ्याच्या चकत्या तेवढ्या फार मन लावून केल्या.

त्या दिवसापासून लुमिंगचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बासष्टाव्या वर्षी बाईला असला प्रश्न पडावा याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटते म्हणजे काहीतरी आहे असं वाटून आणखी घोटाळा झाला.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव इलुमिनादा. लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिला भात सोडून काही शिजवता येत नव्हतं. सासूने शिकवलं. तांदळाचं पहिलं धुवण डुकरांना, दुसरं सिनिगांगला, कारण दुसऱ्यात दाटपणा असतो आणि धूळ नसते. कच्च्या चिंचा उकडून, कुस्करून, गाळून घ्यायच्या, पातेल्यात आख्ख्या टाकायच्या नाहीत. अळकुड्या आधी, वांगी आणि चवळीच्या शेंगा मागून, नाळीची भाजी अगदी शेवटी, झाकण ठेवून आच बंद करायची. चिंच नसेल तेव्हा बिलिंबी, तीही नसेल तर पिकायला आलेले पेरू. आणि वाढण्याआधी प्रत्येक वेळी पळीतला थेंब तळहातावर टाकून चाखायचा. इतरांच्या भरवशावर आंबटपणा सोडायचा नाही, असं सासू म्हणायची. चाखताना लुमिंगचा डावा डोळा मिटायचा. नवरा म्हणायचा, "आमची बायको पातेल्याला डोळा मारते, आम्हाला कधी मारत नाही." नवरा, किकोय, सरोवरात माशांची कुंपणं राखायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तो गेल्यावर तिने घराच्या पुढच्या पडवीत चार बाकं टाकली आणि पाटीसुद्धा न रंगवता खाणावळ सुरू केली. पाटी नंतर ट्रायसिकलवाल्यांनीच आणून लावली.

मुलगी रोवेना कॅनडात विनिपेगला म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी करते. तिला जुळी झालेली. दोन वर्षं तिचा एकच धोशा होता: नानाय, इकडे ये, पोरांना बघ, आता पुरे झालं ते धुरात उभं राहणं. आधी ही विनवणी होती. या एप्रिलमध्ये व्हिसा हातात आला आणि विनवणीचा हुकूम झाला.

"रविवारपर्यंत सांग," रोवेनाने फोनवर सांगितलं. "मी तिकीट काढते."

"आणि खाणावळ?"

"ओन्यांग आत्याला दे. नाहीतर बंद कर. तुला काय तिकडे बांधून ठेवलंय?"

तेच तर लुमिंगला कळत नव्हतं. नातवंडांना तिने फोनच्या काचेतून सोडून कधी पाहिलं नव्हतं. त्यांना मांडीवर घ्यायला तिचे हात अक्षरशः दुखायचे. आणि तरी 'येते' म्हणायची वेळ आली की ती विषय बदलायची.

"सिनिगांगची काळजी नको," रोवेना म्हणाली. "इथे पाकिटं मिळतात. पूड टाकली की झालं."

"पूड," लुमिंग म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर दिवसभर मधूनमधून 'पूड' असं पुटपुटत राहिली.

तर कोडं असं होतं: इथे राहायला तिला काही कारण आहे की नाही. आणि ते कारण, वेडेपणाच म्हणायचा, त्या एका 'अजून'वर टांगलं होतं. माएस्त्रो रश्शाबद्दल म्हणत असतील तर जावं, रस्सा काय, ओन्यांगही करेल. आणि तिच्याबद्दल म्हणत असतील तर? पुढचा विचार करायला गेली की तिचे कान गरम व्हायचे.

माएस्त्रो तेम्योंग मूर्ती कोरतात. आमच्या गावात दर तिसऱ्या घरात कुणी ना कुणी संत कोरत असतो, पण चेहरे कोरायचे तर माएस्त्रोंनी, असा मान त्यांचा. सत्तरीला टेकले तरी हात थरथरत नाही. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली, थोरल्या बहिणीबरोबर राहतात. यंदा पवित्र आठवड्यासाठी त्यांनी शेजारच्या गावाला संत वेरोनिकेची मूर्ती करून दिली, तर तिचा डावा डोळा जरा बारीक निघाला. लोक म्हणाले, म्हातारा थकला. माएस्त्रो म्हणाले, राहू दे, तसाच बरा दिसतो.

मंगळवारी लुमिंगने कुणाला न सांगता परीक्षा घेतली. रश्शात चिंच घातलीच नाही. बाकी सगळं जसंच्या तसं, तांदळाच्या धुवणापासून हिरव्या मिरचीपर्यंत. सासूने वरून पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. लुमिंगचा हिशोब सोपा होता: आज जर माएस्त्रो नेहमीसारखं बोलले, तर ते पातेल्याबद्दल नाही.

साडेअकरालाच ट्रायसिकलवाल्यांनी गोंधळ घातला.

"आलिंग लुमिंग, हे काय आहे? कुणी आजारी आहे का घरात?"

"चिंचेच्या झाडाशी भांडण झालं वाटतं!"

"मला वाटतं लक्ष दुसरीकडे आहे. कॅनडाची हवा लागली आत्तापासून."

"गिळा मुकाट्याने," लुमिंग म्हणाली. "आवडत नसेल तर पातिस घ्या वरून." त्यांनी माशांच्या त्या खारट पातिसमध्ये मिरच्या चेचून बाटली रिकामी केली, पण कुरकुर थांबली नाही. ओन्यांगने एक चमचा घेतला, लुमिंगच्या तोंडाकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला.

बाराची घंटा झाली. माएस्त्रो आले, बसले, टोपी गुडघ्यावर. लुमिंगने वाडगा भरला, सवयीने थेंब चाखला, वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

माएस्त्रोंनी चमचा तोंडात घेतला.

"हं," ते म्हणाले. "अजून आंबटपणा आहे."

पलीकडचा ट्रायसिकलवाला ठसका लागून उठला. लुमिंग स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ओन्यांग मागोमाग आली.

"आते! झालं की गं! आता तरी पटलं?"

"काय पटलं?"

"रश्शात आंबटपणा नावाला नाही. मग उरलं कोण? मी?"

लुमिंग त्या दुपारी उगाच हसत होती. भांडी घासताना हसली, कोंबड्यांना दाणे टाकताना हसली. संध्याकाळी जुन्या पेटीतला हिरवा झगा काढून अंगाला लावून पाहिला आणि परत ठेवला. मग तिला विनिपेगची जुळी आठवली आणि हसू जागच्या जागी विरलं. आपण आजी आहोत की कोण आहोत, हे त्या संध्याकाळी तिला सांगता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी माएस्त्रोंची बहीण सिल्यांग डबा न्यायला आली. तोंडाची फटकळ, मनाची चांगली. पातेल्यात डोकावून म्हणाली, "माझ्यापुरतं दे. तेम्योंगला काय, तो इथे येऊन खातोच. वाया जातं बिचारं तुझं."

"वाया का?"

"त्याला कुठे चव लागते? तुला माहीत नाही? दोन वर्षांपूर्वी तो ताप आला ना, त्यात जीभ गेली त्याची. मीठ नाही, साखर नाही, काही कळत नाही. परवा मी चुकून भाजीत दोनदा मीठ घातलं, याने ताट चाटून साफ केलं. सांगू नको हं कुणाला, त्याला लाज वाटते." आणि डबा घेऊन गेली.

लुमिंग पळी हातात धरून उभी राहिली ती रस्सा उतू गेला तेव्हा भानावर आली.

आधी तिला राग आला, तोही असा की विचारू नका. दोन वर्षं! दोन वर्षं तो माणूस तिच्या सिनिगांगची वाहवा करत होता आणि त्याच्या लेखी ते गरम पाणी होतं! मग डोकं शांत झालं तसा गुंता वाढला. चव कळत नाही, म्हणजे रश्शाबद्दल बोलणं शक्यच नाही. म्हणजे तिच्याबद्दलच. पण ज्याला चव नसताना 'चव आहे' म्हणायची सवय आहे, तो रश्शाबद्दल खोटं बोलतो, मग तिच्याबद्दल खरं कशावरून? की आपलं बिंग फुटू नये म्हणून सभ्य माणूस काहीतरी म्हणतो, तसं? आणि मग मंगळवारची परीक्षा? ती तर आता पासही नाही आणि नापासही नाही.

"तू म्हणाली होतीस, ते माझ्याबद्दल आहे," तिने ओन्यांगला झापलं.

"मी म्हटलं होतं, पण आता मला वाटतं रस्साच," ओन्यांग म्हणाली. "नाही, थांब. जीभच नाही तर रस्सा कसा? अगं बाई, माझंच डोकं फिरलं. तू सरळ विचार ना त्यांना!"

"विचारायची रीत नाही."

"रीत नाही म्हणून विनिपेगला जाणार आहेस का तू?"

शनिवारी दुपारी गर्दी ओसरली. बाकं रिकामी झाली, ओन्यांग मागच्या दारी कांद्याची सालं गोळा करण्यात कारणापेक्षा जास्त वेळ घालवत होती. माएस्त्रो शेवटचा घास घेत होते. लुमिंग समोरच्या बाकावर बसली. गिऱ्हाइकासमोर ती कधी बसत नसे.

"माएस्त्रो, एक विचारते. खरं सांगायचं."

"विचारा, आलिंग लुमिंग."

"तुम्हाला चव कळत नाही म्हणे."

माएस्त्रोंनी चमचा खाली ठेवला. "सिल्यांग बोलली."

"कुणी का बोलेना. खरं आहे?"

"खरं आहे. त्या तापानंतर तोंडात घातलेलं सगळं लाकडाच्या भुशासारखं लागतं. बोललो नाही, कारण लोक कीव करतात. आणि मग कुणी प्रेमाने वाढत नाही."

"मग रोज माझ्या तोंडावर 'आंबटपणा आहे, आंबटपणा आहे' म्हणता, ते कशाच्या जोरावर?" तिचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी हे करतेय! माझी थट्टा वाटली तुम्हाला?"

"तुम्ही चाखता ना," माएस्त्रो म्हणाले.

"मी चाखते, आणि कळतं तुम्हाला?"

"तुमचा डावा डोळा मिटतो." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. "चिंच कोवळी असली की पुरता मिटतो. जून असली की अर्धा. पावसाळ्यात तुम्ही पेरूचं केलंत तेव्हा नुसती पापणी हलली. मी इथून बघतो. म्हणून हे बाक धरतो, तिकडच्या कोपऱ्यातून मध्ये खांब येतो. तुमचा डोळा मिटला की मला दाढेत काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. चव नसते ती, पण चवीची आठवण असते. तेवढ्यावर भात जातो."

लुमिंगचा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे गेला.

"पण मंगळवारी," ती कशीबशी म्हणाली, "मंगळवारी मी चिंच घातलीच नव्हती."

आता माएस्त्रो गोंधळले. "डोळा तर मिटला होता."

"नव्हता!"

"होता. पुरता. जन्मभर चेहरे कोरलेत मी, आलिंग लुमिंग. डोळ्यात माझी चूक होणार नाही."

चिंच नसताना डोळा का मिटावा? तिने आठवून पाहिलं. वाडगा, तळहातावरचा थेंब, आणि बाकावर ते बसलेले. "सवयीने मिटला असेल," ती म्हणाली.

"असेल. मग मीही सवयीने बोललो असेन."

मागच्या दारची सालं गोळा होण्याचा आवाज केव्हाच थांबला होता.

"आणि 'अजून'?" लुमिंगने विचारलं. आता इतकं झालंच होतं. "अजून का म्हणता?"

माएस्त्रोंनी टोपी हातात घेतली आणि तिची कड बोटांनी फिरवत राहिले. "दोन वर्षं गावात ऐकतोय, तुम्ही कॅनडाला निघालात म्हणून. आज जाणार, उद्या जाणार. घरून निघतो तेव्हा रोज वाटतं, आज वळणावर आलो की पुढच्या फळ्या लावलेल्या दिसतील. वळतो, तर फळ्या उघड्या असतात. तुम्ही पातेल्यापाशी असता. डोळा मिटता. मग तोंडातून निघून जातं."

"म्हणजे हे रश्शाबद्दल, की..."

माएस्त्रोंनी बराच विचार केला. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. "ते मलाही नीट सांगता येणार नाही," ते म्हणाले. "सुरुवातीला रश्शाबद्दलच होतं. मग मध्ये कुठेतरी घोटाळा झाला."

त्यांनी टोपी घातली, मान लववली आणि गेले. वाडग्यात थेंबही उरला नव्हता. लुमिंग कितीतरी वेळ त्या रिकाम्या वाडग्यापुढे बसून रडली. कशासाठी ते तिला तेव्हा कळलं नाही, आणि तिने शोधलंही नाही.

रविवारी मिस्साहून आल्याबरोबर फोन वाजला. काचेत जुळी एकमेकांचे केस ओढत होती. त्यांच्याकडे बघून लुमिंगने काचेवरून बोट फिरवलं.

"नानाय, काढू ना तिकीट?"

"काढ. पण माझं नको. तुझं आणि पोरांचं काढ. नाताळाला ये इकडे. त्यांना चिंचेच्या झाडाखाली घेऊन बसते."

"अगं, पण ठरलं होतं ना आपलं! काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. पण मला नाही जमणार यायला. इथे एकांची जीभ माझ्याकडे आहे."

इकडे ओन्यांगच्या हातून वांगं खाली पडलं.

"कुणाची काय?" रोवेना किंचाळली. "नानाय! कुणाची जीभ? काय चाललंय तिथे?"

"तुला नाही कळायचं," लुमिंग म्हणाली. "मलाही अजून कळलेलं नाही. ठेव आता, चिंचा कुस्करायच्यात. बारा वाजत आले."